दोनशे चौदावर दोन नावं

डब्याचं झाकण फरशीवर खणखणलं अन् हिंगणघाटच्या मिलमधल्या कॉम्प्युटर खोलीतली रविवारची शांतता मोडली. झाकण उचलून, पोळीचा घास चावत लेक आईला टेकून बसली. आई बसवत असलेलं फोन आणि मेलचं नवं सॉफ्टवेअर सकाळपासून तिसऱ्यांदा अडलं होतं. सगळ्यांची नावं-नंबर ठेवणाऱ्या जुन्या डिरेक्टरी सर्व्हरशी त्याचं जुळतच नव्हतं. नागपूरहून इंजिनीअर फोनवर म्हणाला, "वहिनी, दोनशे चौदा नंबरवर दोन नावं हायेत. जुन्याले चालत होतं, नवं घेत नाई. रोशनचं काढा लागन." तो अडखळला. "मी काढू का इथून?" "नाई भाऊजी, मीच काढतो," ती म्हणाली. नवरा, रोशन, वारल्यावर अनुकंपेवर ती त्याच्याच खुर्चीत, त्याच्याच नंबरवर आली होती. आपलं नाव चढवताना त्याचं तिनं तसंच ठेवलं होतं. आता तिनं ते पुसलं. काहीच वाटलं नाही. पडद्यावरची पट्टी भरत गेली. "आई, मंग बाबाचा नंबर कोनता?"