सतीशची गाडी

पाच वाजता सुंदररावांनी डिस्क घातली. टीव्हीवर पाटी आली. आज सहा वाजता हा खेळ कायमचा बंद होईल.

"डिस्क आपल्या घरात हाय. दुकानात रोख पैसे दिलेत. मग हे कसं काय बंद करतेत?"

"डिस्क आपली, मामा. रस्ता त्यांचा," माया म्हणाली. "नेट जोडल्याबिगर खेळ चालू होत न्हाई, अन् ते तिकडूनच तोडणार." तिनं पोरीला खांद्यावर घेतलं. "हिला निजवते." पाच वाजले की थोरली सून अशी आत जायची.

बस चालवायचा खेळ. सुंदरराव एसटीतून रिटायर झाले तेव्हा धाकट्या सतीशनं पहिल्या पगारातून अंबाजोगाईहून आणलेला. "घरबसल्या बीडची फेरी मारा, आबा." डबीच्या झाकणाआड त्यानं दोघांची नावं आणि पासवर्ड लिहून ठेवले होते. हे टीव्हीवर, तो शेजारी मोबाइलवर. हॉर्न वाजवत आडवा घुसायचा. "मागं सरा म्हातारे, एक्सप्रेस हाय." दोघं हसून हसून खोकायचे.

मग तीन वर्षांपूर्वी त्याच्या लग्नावरून बोलाचाली झाली. सतीश मस्कतला गेला.

"आधी त्यानं फोन करावा," सुंदरराव म्हणाले. त्यानं केला नाही. पण महिनाभरानं एके दिवशी पाच वाजता त्याच्या नावाची बस खेळात मागं येऊन उभी राहिली. पंचमी आणि दिवाळी सोडली, तर तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता.

आजही आली.

सुंदररावांनी गिअर टाकला. रस्ते परमुलखातले, पण ते त्या वळणाला मांजरसुंब्याचा घाट म्हणत, घंटाघराला नेकनूर. नेकनूरला दोन मिनिटं थांबायचंच. मागची बसही थांबली. पुढच्या वळणावर हे जरा डगमगले आणि ती बरोबरीला आली, पण तीच कडेला झाली आणि हे पुढं गेले.

केजच्या अलीकडं आरशात बघितलं, तर ती बस भर रस्त्यात उभी. सुंदररावांनीही गाडी बाजूला घेतली. टीव्हीचा आवाज बारीक केला. आत पोरगी किरकिरत होती; थोड्या वेळानं निजली. आरशातली बस हलली.

अंबाजोगाईच्या स्टँडवर दोन्ही गाड्या शेजारी लागल्या. पलीकडच्या गाडीनं दिवे दोनदा मिचकावले. सुंदररावांनीही मिचकावले.

सहा वाजले. स्टँड गेलं, गाड्या गेल्या. काळ्या पडद्यावर त्यांचाच चेहरा राहिला.

माया पदरानं तोंड पुसत बाहेर आली. "आलते का भाऊजी?"

"गाडी आलती." त्यांनी डिस्क फडक्यानं पुसून डबीत ठेवली, झाकणाआडच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "सतीशला फोन लाव."

ती दचकली. "आता? ड्युटीवर असतेल ते. तुमीच म्हनायचे ना, आधी त्यानं..."

"उचलंल तवर लाव. मी बोलतो." त्यांनी डबी तिच्या हातात दिली. "त्यानं जन्मात कुणाला साइड दिली न्हाई, माया. तीन वर्षं तूच देत व्हतीस."