कृपया हसा

"कृपया हसा," फोनमधली बाई म्हणाली.

ताई हसली, पण उजवीकडूनच. डावा गाल जिथल्या तिथे राहिला आणि डावा डोळा मिटेना.

"ओळख पटली नाही."

ताईच्या चेहऱ्यावरून वारं गेलं होतं. बरं व्हायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पेमेंट कंपनीच्या यंत्राला तेवढं निमित्त पुरलं आणि त्याने खातं बंद केलं. पडद्यांच्या दुकानाची सगळी कमाई त्यात अडकली. व्यापारी पैशांशिवाय कापड सोडेना, आणि उद्या कापड आलं नाही तर हॉटेलची ऑर्डर हातची जाणार होती.

धाकट्या बहिणीने कंपनीला फोन लावून पाहिला. तिकडे माणूस म्हणून कुणी भेटलंच नाही. डॉक्टरांचा दाखला पाठवला, तर त्यात चेहरा स्पष्ट दिसत नाही असं उत्तर आलं. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. भामटे लोकांची खाती खुशाल धुऊन नेतात, आणि जिने रक्ताचं पाणी करून दुकान उभं केलं तिला मात्र दाराबाहेर!

"माझंच तोंड मला नडलं बघ," ताई म्हणाली. ओठाच्या कडेने ओघळलेला चहा तिने रुमालाने टिपला.

ते बघवेना, तेव्हा धाकटीने आपली रंगांची पेटी काढली. ती नाटकांना रंगभूषा करायची. ताईचं ओळखपत्र आरशाला टेकवून तिने स्वतःच्या चेहऱ्यावर ताई उतरवली. जाड भुवया आल्या, हनुवटीवर तीळ आला, भांगही बाजूला सरकला.

"हे बरोबर नाही गं," ताई म्हणाली.

"खातं तुझं, पैसे तुझे. यात चोरी कुठे आली?"

धाकटी फोनसमोर हसली, डोळे मिचकावले, मान वळवली.

"ओळख पटली. धन्यवाद."

व्यापाऱ्याला पैसे गेले. दोघी पोट धरून हसल्या. ताई अर्धीच, पण मनापासून.

तेवढ्यात कंपनीचा निरोप आला. धाकटी मोठ्याने वाचू लागली आणि मध्येच फोन पालथा ठेवायला गेली. ताईने फोन तिच्या हातातून घेतला.

"आपलं खातं आता आपल्या याच चेहऱ्याला कायमचं जोडलं आहे. आपलं नाव लावून वारंवार आत शिरू पाहणाऱ्या बाईचा फोटो आम्ही पोलिसांकडे दिला आहे."