भोंग्याचा आवाज

"पुन्हा सांग," नागम्मा म्हणाली. "मामाला सगळं सांग. काय बी गाळू नको."

चंद्रव्वा खांबाला टेकून उभी राहिली. नवरा समुद्रात बुडाल्याला महिना होत आला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढं सासू तिला असंच उभं करायची आणि तीच हकीकत वदवून घ्यायची. आज दुधनीहून सासूचा भाऊ कल्लप्पा आला होता. तिचा नवरा शिवयोगी या मामाच्याच अडतीवर कामाला होता. आठवडाभर तिकडंच राहायचा आणि सोलापूरला यायचा तो रविवारी, गिरण्यांना सुट्टी असायची त्या दिवशी.

"मुंबईहून बोटीनं गोव्याला निघालो," चंद्रव्वा म्हणाली. "पहाटं धुकं पडलं. भोंगा सुरू झाला."

"कसा वाजत हुता?" नागम्मा हे दर वेळी विचारायची.

"गिरणीचा भोंगा 'या' म्हणतो, अव्वा. त्यो 'येऊ नका' म्हणत हुता. आधी पायात यायचा, मग पोटात. चटणीच्या डब्याचं झाकण खुळखुळायचं. लेकरं रडायला लागली. एक बाई सारखी विचारत हुती, आपण बुडतोय का. थांबला की बरं वाटायचं. पण मग पाण्याचा आवाज यायचा आन् दिसायचं काहीच न्हाई. त्यापरीस भोंगा बरा वाटायचा."

"पुढं?"

"हे म्हणाले, चल, वर जाऊन बघू. तितं पाय घसरला त्यांचा. मी लई ओरडले. भोंग्यात कुणाला ऐकू गेलं न्हाई."

कल्लप्पानं मान हलवली. "ते खरं हाय. मी गेलोय की त्या बोटीनं. शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत न्हाई. अक्काला मीच सांगितलं हुतं."

"मग हिचं पोलकं पाठीत कसं फाटलं, ते विचार हिला," नागम्मा म्हणाली.

"बोटीच्या कठड्याच्या साखळीत अडकलं," चंद्रव्वा म्हणाली.

देह किनाऱ्यावरच्या कोळ्यांना सापडला होता आणि पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं होतं. नागम्मानं मात्र पहिल्या दिवसापासून अपघात हा शब्द उच्चारला नव्हता. गल्लीतल्या बायकांना ती सांगायची, हिनंच लोटलं. चंद्रव्वाच्या ताटात शिळी भाकरी पडायची, तीही सगळ्यांचं उरकल्यावर. वांझ तर ती आधीपासूनच होती. कल्लप्पाच्या लेकीला सून करायची सोडून मंगळवेढ्याची ही अवदसा कुठून आणली, हे तिनं लग्नापासून ऐकलं होतं. सासू तिच्याशी एकदाच गोड बोलली होती, गोव्याला निघताना. "जा, समुद्र बघून या दोघं," म्हणाली होती आणि शेंगाची चटणी स्वतः कुटून डब्यात भरून दिली होती. सासूचं मन वळलं म्हणून चंद्रव्वा त्या दिवशी चोरून रडली होती.

"उद्या हिला मंगळवेढ्याला नेऊन सोड," नागम्मा भावाला म्हणाली. "चावडीवर उभी कर आन् सांग गावाला, नवरा मारून आलीया म्हणून."

चंद्रव्वाचा चेहरा उतरला. माहेरी धाकट्या बहिणीची सोयरीक जमत आली होती.

कल्लप्पा उठला. "एसटी कधी हाय, बघून येतो," म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

नागम्मानं दार लोटलं. पलीकडच्या घरात हातमाग खटखटत होता.

"अव्वा, त्यांचा पाय घसरला न्हाई," चंद्रव्वा म्हणाली.

"ठाव हाय मला. तूच लोटलंस."

"न्हाई. त्यांनी मला लोटलं."

नागम्मा जागची हलली नाही.

"कठडा संपतो तितं नुसती साखळी हुती. म्हणाले, वाकून बघ, पाणी दिसतंय का. मी फुडं झाले. ते मागं उभे राहिले, गप्प. भोंग्याची वाट बघत हुते, ते मला नंतर कळलं. भोंगा वाजला आन् मी घाबरून मटकन खाली बसले, कान झाकून. त्यांचे हात माझ्या डोक्यावरनं गेले. झोक गेला तसं त्यांनी माझं पोलकं धरलं. ते फाटलं. मी हात दिला हुता, अव्वा. शिवाची आण. पोचला न्हाई."

"मग इतके दिस गप का हुतीस?"

"तुमचा ल्योक गेला हुता. वर त्यो असा हुता, हे कुठल्या तोंडानं सांगू? पण माझ्या बहिणीचं वाटोळं करू नका. पाया पडते."

ती खरोखरच वाकली. पाठीत लाथ बसणार, झिंज्या धरल्या जाणार, खोटारडी म्हणून गल्ली गोळा होणार, असं धरून ती तशीच राहिली. काहीच झालं नाही. तिनं वर पाहिलं. नागम्मा भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. महिनाभर कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून आले होते.

"रोज गिरणीचा भोंगा वाजला की तू अशीच खाली बसतीस," नागम्मा म्हणाली, "एवढं त्याला सांगायचं माझ्याकडनं राहून गेलं."