थोरलीचा माग

गोळ्यांचा आवाज ऐकून लांडगेबाई धापा टाकत टेकडीवर पोचली, तेव्हा सगळं उरकलं होतं. खाली ओढ्याकाठी लांडग्यांचं अख्खं कुटुंब आडवं झालं होतं. आई, बाप, यंदाची पिल्लं. एकटी थोरली लेक जिवंत होती. एकेकाला हुंगत, नाकाने ढोसत ती फिरत होती.

तिच्या गळ्यातला, ती कुठे आहे ते कळवणारा रेडिओ-पट्टा लांडगेबाईनेच बांधला होता, गुंगीतल्या थोरलीचं डोकं मांडीवर घेऊन. थोरलीचे पाठचे भाऊ जोडीदार शोधायला केव्हाच घर सोडून गेले. ही मागे राहिली. आई शिकारीला गेली की पिल्लं हिच्या अंगाखांद्यावर. "माझ्याहून गुणी आहे रे," लांडगेबाई नवऱ्याला म्हणायची. दोघं मिळूनच अभ्यास करायची. पट्ट्याचा संदेश कुठल्या नंबरवर येतो, हे त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

बंदूकवाल्यांच्या जीपशेजारी नवरा उभा होता. हातात रिसीव्हर.

"तू?"

"आधी ऐकून घे. मारायचं वरूनच ठरलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर आपलं कामच बंद पडलं असतं."

"कसलं काम? आता कुणाचा अभ्यास करणार आहेस?"

"थोरलीला हात लावायचा नाही, असा शब्द घेतलाय मी. तुझ्यासाठी."

बंदूकवाल्यांतला एक म्हातारा काडतुसं पिशवीत भरत होता. तो सहज म्हणाला, "तिला कशाला मारू, बाई? बाकीचे कुठे आहेत ते मग दाखवणार कोण?"

लांडगेबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो रिसीव्हरची वायर गुंडाळायला लागला.

"म्हणजे तुला हेही ठाऊक होतं."



खाली थोरलीने तोंड आभाळाकडे करून हाक घातली. लांब, ओढलेली. ते रडणं नव्हतं. कुणी आहे का, असं ती विचारत होती. लांडगेबाईला तेवढं कळत होतं. ती उतारावरून धावत सुटली. दिसेल ते ढेकूळ उचलून भिरकावू लागली.

"गप! गप बस, बये! कुणाला बोलावू नकोस! एकटी जा कुठेतरी!"

थोरली दचकली. चार पावलं मागे सरून गप्प झाली. सगळं रान चिडीचूप झालं.

त्या शांततेत पलीकडच्या डोंगरावरून उत्तर आलं. भरदार, कोवळेपणा नुकताच सरलेला आवाज.

"नर आहे," नवऱ्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "एकटाच."

म्हाताऱ्याने बंदूक जीपमध्ये ठेवली.

"मग काही घाई नाही," तो म्हणाला. "मांडू दे त्यांना संसार."