जड पायडल

गावची वीज कायमची गेल्यापासून खाडीकाठी ज्याने त्याने आपल्या पायांनी वीज करायची. हौसाबाईंच्या जनित्राची तार खाडीवरून पलीकडे तांडेल मास्तरांकडे जायची, कारण मास्तरांचे गुडघे गेले होते. त्यांनी दिवा लावला की इकडे पायडल जड व्हायचं. "बसले वाटतं वाचायला," म्हणत हौसाबाई घाम पुसायच्या आणि दिवसभराचं सगळं त्या पायडलला सांगायच्या. अलीकडे मास्तर रोज थोडे उशिरा दिवा लावत. होडी बंद, त्यामुळे विचारणार कुणाला?

आज वायरमन दिगंबर लांबच्या वळशाने पलीकडे जाऊन तार ठीक करून आला. "पायडल मारा बघू, काकू."

पायडल भिंगरीसारखं फिरलं.

"मास्तरांनी दिवा नाही लावला?"

दिगंबरने मान खाली घातली. "मास्तर गणपतीतच वारले, काकू. तार सोलवटून खाली लोंबत होती. भरती आली की पाण्यात बुडायची, वीज सगळी खाडीत जायची. म्हणून जड लागायचं तुम्हाला."

हौसाबाईंचे पाय थांबले नाहीत. त्या म्हणाल्या, "भरतीला अजून अवकाश आहे. ती तार होती तशी करून ये."