तळघरातला चढता आकडा

सिलिंडर बंद होता, तरी तळघरातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा फोनवर चढतच होता. कॅनडात घरी गांजाची चार झाडं लावता येतात. ती जोमाने वाढावीत म्हणून अभिराम बंद खोलीत तो गॅस सोडायचा. आता गळती कुठे, हे बघायला तो खाली उतरला.

आत अण्णा स्टुलावर बसले होते. आई गेल्यावर वाईहून आलेले त्याचे वडील घरात फारसं तोंड उघडत नसत. इथे मात्र झाडांशी गप्पा रंगल्या होत्या. "तुमची आजी कढीपत्त्याला ताक घालायची, बरं का!"

त्यांच्या श्वासानेच आकडा चढला होता.

बादली उपडी घालून अभिराम शेजारी बसला. "आणि अण्णा, मोगऱ्याला आई काय घालायची?"

अण्णा चमकले, मग सांगू लागले. भिंतीवरच्या मीटरचा आकडा आता भराभर चढू लागला.