सशांचा तळतळाट

बँकॉकच्या पिमजायने लिपस्टिकचा अख्खा डबा कचऱ्यात ओतला. त्यातल्या डाळिंबी लिपस्टिकवर तिचा भारी जीव होता. पण सशांच्या डोळ्यांत घालून तपासलेला रंग ओठांना लावायचा? शी! आजवरचं पाप धुवायला ती विहाराच्या दारात गेली. तिथे पिंजऱ्यातल्या चिमण्या विकत घेऊन सोडल्या की पुण्य लागतं.

"मावशी, नीट उडतील ना? व्हिडिओ काढायचाय."

"बिनधास्त घे गं पोरी. पहाटे जाळ्यात धरल्या, तेव्हाच पायाला दोरा बांधून एकेकीला उडवून तपासलंय. ज्या पडल्या, त्या मांजरांपुढे टाकल्या."

पिमजायला हायसं वाटलं. पिंजऱ्याचं दार उघडत ती फोनकडे बघून गोड हसली, "मैत्रिणींनो, प्राण्यांवर तपासलेलं काहीही मी आता विकत घेत नाही."